एका समूहचित्राची पूर्वतयारी

वाईच्या आमच्या घरी माजघरात, देवघराच्या दाराला लागून असलेल्या भिंतीवर, एक समूहचित्र १९४२ सालापासून टांगलेले आहे. चौकट शिसवी लाकडाची, आतल्या कागदाचा एक कोपरा कसरीने खाल्लेला, आणि मूळचा काळा रंग विटून तपकिरीकडे झुकलेला. तरीही घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या सुनेला आणि जावयाला, देवाला नमस्कार झाला की, त्या चित्रासमोर उभे करून त्यातील माणसांची ओळख करून देण्याची वहिवाट आमच्याकडे आजतागायत चालू आहे. ती ओळख मी लहानपणी इतक्या वेळा ऐकली आणि पुढे स्वतः इतक्या वेळा करून दिली की, डोळे मिटून ती नावे क्रमाने सांगता यावीत. पण ते चित्र मी नीट पाहिले ते २०१९ च्या माघात, जेव्हा त्याच्या जोडीला लावण्यासाठी दुसरे समूहचित्र घ्यावयाचे ठरले आणि त्याच्या तयारीचा सगळा बंदोबस्त माझ्याकडे सोपविण्यात आला.

निमित्त थोरल्या काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे होते. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक काळ जातो, आणि या हिशेबाने १,००० पौर्णिमा भरावयास ८० वर्षे व सुमारे १० महिने लागतात. काकांचा जन्म १९३८ च्या चैत्रातला, तेव्हा माघी पौर्णिमेच्या सुमारास शांतीचा मुहूर्त मुक्रर झाला. पुणे, ठाणे, मिरज, बडोदे आणि समुद्रापलीकडून आलेली दोन घरे, अशी एकूण ४१ माणसे जमणार होती, आणि इतकी माणसे या एका छपराखाली पुन्हा कधी जमतील याचा भरवसा कोणालाच देता येत नव्हता. १९४२ च्या चित्रात पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेला, जरीची टोपी कानांपर्यंत उतरलेला चार वर्षांचा मुलगा म्हणजेच हे थोरले काका. साऱ्या समारंभात त्यांनी स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट मागितली: "फोटो चौकातच घ्या. त्याच जागी."

मोठ्या कुटुंबाचे चित्र ज्यांनी कधी घडवून आणलेले नाही त्यांना ते काम छायाचित्रकाराचे वाटते. कॅमेऱ्याचा पडदा उघडून मिटावयास सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो. त्यापूर्वीचे तीन आठवडे मात्र घराचे असतात, आणि चित्र त्या तीन आठवड्यांत घडते, अशी माझी आता खात्री झाली आहे. कोणाला बोलवावे, कोणी बसावे व कोणी उभे राहावे, कोण कोणाच्या शेजारी, कोणता दागिना पेटीतून काढावा, हे प्रश्न फोटोच्या निमित्ताने विचारले जातात खरे, परंतु त्यांची उत्तरे देताना, एरवी वर्षानुवर्षे जे कोणी मोठ्याने बोलत नाही ते घराला बोलावे लागते.

ही तयारी पूर्वी किती अवघड होती याची कल्पना आज करता येत नाही. छायाचित्रणाची विद्या १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली, आणि अवघ्या १५ वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीतील एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी अग्रगण्य. १८५५ साली एल्फिन्स्टन विद्यालयात या विद्येचा वर्गही निघाला, आणि तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्या काळची काच ओली असे. कलोडियनचा लेप दिलेली काच रौप्यक्षाराच्या द्रावात बुडवावयाची, आणि ती सुकण्यापूर्वी, म्हणजे थोड्याच मिनिटांत, चित्र घेऊन ती धुवून काढावयाची. त्यामुळे माणसे आधी सज्ज होऊन बसत आणि काच त्यानंतर तयार होई. चित्राला कित्येक सेकंद लागत असल्याने मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावीत. जुन्या चित्रांतील माणसे गंभीर का दिसतात, याचे कारण स्वभावात शोधण्यापूर्वी त्या आधाराकडे पाहावे. इतका वेळ कोणालाही हसू धरून ठेवता येत नाही. १८७१ साली मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केल्यावर, आणि पुढे तशा काचा पेटीत घालून तयार मिळू लागल्यावर, छायाचित्रकाराला अंधारखोली पाठीवर घेऊन हिंडण्याचे कारण उरले नाही. मग तो तालुक्याच्या गावी दिसू लागला. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाच्या पुष्कळ आधी गोध्र्यासारख्या गावी छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. फोटो उतरविल्याने आयुष्य घटते, तिघांनी मिळून फोटो काढला तर मधल्याचे बरे होत नाही, अशा समजुती तेव्हा घरोघर होत्या आणि आमच्या घरीही होत्या. असे असता १६ माणसांनी एका काचेपुढे बसावयाचे कबूल केले, यामागे कोणाची तरी मोठी मसलत झाली असली पाहिजे.

जुन्या चित्राची नक्कल करून घ्यावी आणि नव्या चित्राविषयी जाणत्या माणसाला चार गोष्टी विचाराव्यात, म्हणून मी साताऱ्याला एका स्टुडिओत गेलो. मालक सत्तरीचे, व्यवसाय आजोबांपासून चालत आलेला. वरच्या मजल्यावर उत्तरेकडे उतरते छप्पर असलेली एक खोली त्यांनी दाखविली. त्या छपरात पूर्वी काचा होत्या, आता पत्रा आहे. आपल्या प्रदेशात वर्षातला बहुतेक काळ उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही, केवळ आकाशाचा शांत उजेड येतो, आणि विजेचे दिवे येईपर्यंत तोच उजेड, पांढऱ्या पडद्यांनी कमीजास्त करून, चेहऱ्यांवर सोडीत असत. कोपऱ्यात रिटचिंगचे उतरते मेज होते. काचेवर टोकदार शिसपेन्सिलीने सुरकुत्या बुजविण्याचे काम तेथे त्यांच्या वडिलांनी ४० वर्षे केले. एका खुंटीवर काळा कोट होता. ज्यांच्याकडे कोट नसे त्यांनी तो फोटोपुरता अंगात घालावयाचा, आणि तो एकाच मापाचा असल्याने पाठीमागून टाचण्यांनी आवळावयाचा. "माणसं बसवणं हेच आमचं काम," ते म्हणाले. "बटण काय, कोणीही दाबतं."

आमचे चित्र त्यांनी भिंगाखाली धरले आणि प्रथम आजीच्या कपाळाकडे बोट दाखविले. तिचे कुंकू काळे आहे. लहानपणी मला वाटे की, त्या वेळच्या बायका काळे कुंकू लावीत असत. खरे कारण काचेत होते. आरंभीच्या काचांना केवळ निळा व जांभळा प्रकाश कळे. १८७३ साली फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून त्यांना हिरव्या-पिवळ्याची जाणीव देता येते हे दाखविले, पण तांबड्याच्या बाबतीत त्या काचा पुढेही पुष्कळ काळ आंधळ्याच राहिल्या. तांबडा दिसणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या आरंभी निघाल्या तरी तालुक्याच्या गावी जुन्याच वापरात होत्या; त्या तांबड्या दिव्याच्या उजेडात धुता येत, आणि स्वस्तही होत्या. परिणामी तांबडे ते सारे काळे होई आणि आकाशी ते जवळजवळ पांढरे. म्हणून मुरलेला छायाचित्रकार चार दिवस आधी निरोप पाठवी की, बायकांनी तांबडी लुगडी नेसू नयेत, आकाशी नेसली तर काठ तरी गडद असावेत. घरात ज्या लुगड्याचा मान सर्वांत मोठा ते पेटीतच राही, आणि काचेला जे मानवेल ते अंगावर येई.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जिच्याकडे ७७ वर्षांत आमच्यापैकी कोणाचेही लक्ष गेले नव्हते. मोठी माणसे भिंगाकडे पाहत आहेत; आठही मुले मात्र भिंगाकडे पाहत नाहीत. त्या सर्वांची नजर, चित्रासमोर उभे राहिले असता, आपल्या डाव्या खांद्यावरून पलीकडे जाते. "मुलं आपण होऊन अशी एका बाजूला बघत नाहीत," ते म्हणाले. "कॅमेऱ्याशेजारी कोणीतरी उभं आहे. आणि ते माणूस मुलांच्या सवयीचं आहे."

परत येताना एस. टी. च्या गाडीत मी ती आठ मुले पुन्हा पुन्हा पाहत होतो. काकांची टोपी, त्यांच्या शेजारच्या मुंजाचा नवा पीतांबर, उजव्या टोकाला परकरपोलक्यातली माईआत्या. आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सावधपणाबरोबरच एक निश्चिंती, जी परक्या माणसाच्या यंत्रापुढे मुलांना सहसा येत नाही.

घरी तयारीला जोर आला होता. शंभर माणसांच्या पंगतीपेक्षा ४१ माणसांची बैठक ठरविणे कठीण आहे, कारण पंगतीत पाने उठतात आणि चित्रातली माणसे बसलेलीच राहतात. आजोबांच्या काळी हा प्रश्न सोपा होता: पुरुष खुर्च्यांवर, त्यांच्या मागे बायका उभ्या, मुले खाली. १९४२ च्या चित्रात आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ बसले आहेत, आजी व तिच्या तीन जावा मागे उभ्या आहेत, तान्हे मूल आजीच्या कडेवर आहे. त्या मुलाला दोन तोंडे आहेत, कारण काच उघडी असताना त्याने मान वळविली. ही रचना आता कोणालाच मान्य नव्हती, पण तिच्या जागी कोणती आणावी यावर एकमत होईना. वयाने मोठी ती सारी खुर्चीवर, असे म्हणावे तर सत्तरीची एक आत्या माहेरवाशीण आणि तिच्याहून लहान जावई उभा, हे काकूंना रुचेना. घरागणिक गट करावेत तर ज्या चुलत बहिणीचे घर मोडले आहे तिने कोणत्या गटात उभे राहावे, हे विचारण्याचे धैर्य कोणाला होईना. तिनेच शेवटी सांगितले की, तिला थोरल्या काकांच्या खुर्चीमागे उभे राहावयाचे आहे, कारण लहानपणी ते तिला खांद्यावर घेऊन गणपतीच्या घाटावर नेत. तिची जागा त्या एका वाक्याने ठरली, आणि मला वाटते बाकीच्या ४० जागाही तेव्हाच ठरू लागल्या. कारण त्यानंतर मानाची भाषा मागे पडली, आणि ज्याला ज्याच्याजवळ उभे राहावेसे वाटते त्याने तसे सांगावे, अशी मोकळीक घरात आली.

बाकीची सरबराई सांगण्यासारखी असली तरी थोडक्यात आटोपतो. बिछायतवाल्याकडून बिनहाताच्या ११ खुर्च्या आणविल्या, कारण हाताच्या खुर्च्यांनी माणसांत अंतर पडते. मागच्या रांगेसाठी शाळेतली दोन लांब बाके मागून आणली. बारीक चौकड्यांचे सदरे घालू नयेत, हे सर्वांना कळविले; आजच्या कॅमेऱ्यात त्या चौकड्यांवर पाण्याच्या लाटांसारखे भलतेच रंग उमटतात. कुंकू आता तांबडेच दिसणार होते, त्यामुळे रंगांना बंदी घालण्याचे कारण नव्हते, तरी सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे करावेत ही सूचना मी अमान्य केली. कुटुंबाला गणवेश कशाला? ज्याच्या त्याच्या आवडीचा रंग पुढच्या पिढ्यांना कळला तर तीही एक माहितीच आहे. सहा जणींना नऊवारी नेसावयाची होती आणि त्यांपैकी एकीलाच ती नेसता येत होती, म्हणून गंगापुरीतल्या एक बाई सकाळी सहापासून येऊन बसणार होत्या. थुशी, मोहनमाळ, बकुळीहार, आजीची नथ हे जिन्नस बँकेतून आणून त्यांची यादी केली, आणि कोणता कोणी घालावा यावर एक संपूर्ण संध्याकाळ गेली. ती चांगली गेली, कारण प्रत्येक दागिन्याबरोबर तो गहाण पडल्याची, सोडविल्याची, किंवा कोणाच्या तरी शिक्षणासाठी त्याची जोडी मोडल्याची हकीकत निघत होती.

याच दरम्यान जुनी चौकट पुसण्यासाठी खाली काढली. मागच्या पुठ्ठ्यावर आजोबांच्या हातची मोडी यादी आहे हे सर्वांना ठाऊक होते, परंतु ती वाचता येणारे माणूस घरात उरलेले नव्हते. आजोबा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि अक्षराला व नोंदीला चोख म्हणून त्यांची ख्याती होती. गावातील एक निवृत्त शिक्षक मोडी जाणतात, त्यांच्याकडे चौकट घेऊन गेलो. शके १८६४, चित्रभानु नाम संवत्सर, वैशाख मास, चिरंजीवाच्या मुंजीचे दुसरे दिवशी, असा मथळा. खाली 'खुर्चीवर', 'उभी', 'सतरंजीवर' असे तीन करीने, आणि प्रत्येकात उजवीकडून नावे. शिक्षकांनी नावे वाचली, मी चित्रातल्या माणसांवर बोट ठेवीत गेलो. माणसे १६ होती. नावे १७ निघाली. अखेरच्या ओळीत, तिन्ही करीन्यांच्या बाहेर, एकच नोंद होती: 'आक्का, समोर.'

आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य, आणि मग उरलेले सारे आयुष्य भावाच्या घरी, आलवण नेसून. तिचा एकही फोटो नाही, हे आम्ही सारे जाणून होतो. 'समोर' म्हणजे पुढच्या रांगेत, असा अर्थ घ्यावा तर तेथे मुलांखेरीज कोणी नाही. आणि चोख कारकुनाच्या हातून चुकीची नोंद होईल हे मनाला पटेना. शिक्षकांनी भिंग लावून अक्षर पुन्हा तपासले. अक्षरात संशय नव्हता.

माईआत्या मिरजेहून शांतीच्या दोन दिवस आधी आली. वय ८६, त्या चित्रातली, काकांखेरीज, तीच एक हयात. मी तिला यादी वाचून दाखविली आणि शेवटच्या ओळीपाशी थांबलो. तिला विचार करावा लागला नाही.

"अरे, समोर म्हणजे समोर. आक्का आमच्या समोर उभी होती. कॅमेऱ्याशेजारी."

मग ती सांगत गेली, आणि मी जे ऐकले ते शक्य तितके तिच्याच क्रमाने येथे नमूद करतो. युद्धामुळे काचा दुर्मिळ झाल्या होत्या, आणि साताऱ्याहून आलेल्या छायाचित्रकाराने बजावले होते की, दोनच काचा आहेत, तिसरी मिळणार नाही. आदल्या रात्री आक्काने १६ माणसांचे कपडे काढून ठेवले. इस्त्री नव्हती, पितळेच्या तांब्यात निखारे घालून तिने एकेक सदरा, एकेक परकर दाबून परीटघडीसारखा केला. पहाटे आठ मुलांना तिनेच न्हाऊ घातले, काजळ घातले, टोप्या बसविल्या, आणि भुकेले मूल स्वस्थ बसत नाही म्हणून सर्वांना मऊ भात जेवू घातला. चौकात सतरंजी तिने अंथरली. कोणी कोठे बसावयाचे हे आजोबांनी सांगितले. तिला कोणी ये म्हटले नाही, आणि तीही आली नाही. मुंजीच्या घरच्या शुभ चित्रात सोवळ्या बाईने बसावयाचे नसते हे सांगण्याची कोणाला गरजही वाटली नाही. छायाचित्रकार काळ्या फडक्यात शिरला तेव्हा धाकटी मुले भेदरून रडावयाच्या बेतास आली. तेव्हा आक्का कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन उभी राहिली, कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा तिने हातात धरला, आणि म्हणाली, "माझ्याकडे बघा. जो हलणार नाही त्याला बेसनाचा लाडू." भिंगाची टोपी निघाली, एक-दोन अंक मोजले गेले, टोपी पुन्हा बसली. "आम्ही कोणीच कॅमेरा पाहिला नाही," माईआत्या म्हणाली. "आम्ही किल्ल्या पाहत होतो. हा बाळच तेवढा हलला, आजीच्या कडेवरचा. त्यालाही तिनं लाडू दिलाच."

आजोबांविषयी मी यानंतर बराच विचार केला. बहिणीला आपल्या शेजारी खुर्चीवर बसविण्याइतके धैर्य त्यांना त्या दिवशी झाले नाही, ही गोष्ट खरी आहे आणि ती मला सलते. पण रात्री शाई घेऊन यादी करावयास बसल्यावर तिला हजेरीतून गाळणे त्यांच्या लेखणीला मानवले नाही, हीही गोष्ट तितकीच खरी आहे. जेथे ती होती तेथे ती होती, असा दाखला त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आणि तो भिंतीकडे तोंड करून ७७ वर्षे टांगून राहिला. साताऱ्याच्या स्टुडिओत ऐकलेली रंगांची गोष्टही मला तेव्हा आठवली. आलवण तांबडे असते. त्या काचेने ते काळे उमटविले असते, आणि काळे लुगडे म्हणजे चंद्रकळा, जी संक्रांतीला सवाष्ण हौसेने नेसते. आलवण आणि चंद्रकळा यांतला भेद त्या काचेला कळत नव्हता. आक्का त्या दिवशी सतरंजीच्या अलीकडची चार पावले ओलांडून पलीकडे गेली असती, तर तिच्या वस्त्रात काही वेगळे आहे हे आज चित्र पाहणाऱ्या कोणालाही ओळखू आले नसते.

चित्राच्या दिवशी उजेड आम्हाला अनुकूल होता. माघात सकाळी दहापर्यंत पूर्वेच्या सोप्याची सावली चौकभर असते, आणि वरच्या मोकळ्या आकाशाचा उजेड सर्वांच्या तोंडावर सारखा पडतो; ऊन डोक्यावर आले की डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो, म्हणून साडेनऊची वेळ ठरविली होती. छायाचित्रकार तिशीतला मुलगा, वाईतलाच. त्याने कॅमेरा बसलेल्यांच्या छातीच्या उंचीवर लावला, आणि कडेच्या माणसांची तोंडे रुंदावू नयेत म्हणून जवळ न येता चौकाच्या पार दुसऱ्या टोकाला, पडवीच्या पायरीवर, तिकाटणे रोवले. चष्मे असलेल्यांना त्याने हनुवटी किंचित खाली घ्यावयास सांगितले. कोणाचे तरी डोळे मिटलेले येणारच, म्हणून चित्रे पुष्कळ घ्यावी लागतील, असे तो म्हणाला. ऑस्ट्रेलियातील दोघांनी याचे गणित मांडले आहे, आणि २० हून कमी माणसे असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला ३ ने भागून येतील तितकी चित्रे घ्यावीत असा त्यांचा आडाखा आहे. आम्ही ४१ होतो. त्याने ३८ घेतली.

सगळे बसल्यावर पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी दिसली. पुण्याच्या काकू बाकावर, मागच्या रांगेच्या टोकाला, उभ्या होत्या. पुण्याचे काका जाऊन दीड वर्ष झाले होते. त्यांना कोणी मागे जा म्हटले नव्हते. उलट यादीत त्यांचे नाव खुर्चीवरच होते. "मी इथंच बरी," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखत नाहीत माझे." कोणी आग्रह केला, कोणी केला नाही, आणि ४१ माणसांत क्षणभर ती विशिष्ट शांतता पसरली, जी प्रत्येक घराच्या ओळखीची असते. माईआत्या खुर्चीवरून उठली. काठी टेकीत ती मागे गेली, बाकाशी उभी राहिली आणि वर पाहून काकूंना म्हणाली, "खाली ये. नाहीतर मी वर चढते. चढायचं माझं वय नाही." काकू खाली आल्या. माईआत्याने त्यांना त्या रिकाम्या खुर्चीवर बसविले, आपली खुर्ची ओढून तिला चिकटवून ठेवली आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. ३८ ही चित्रांत तो हात तेथेच आहे.

नव्या चित्राची नक्कल मोठ्या आकाराची करून घेतली, जुन्या चौकटीच्याच मापाची शिसवी चौकट करविली. आजच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही आणि शाई पुढे फुटते, म्हणून मागे जाड पुठ्ठा घातला आणि त्यावर नावे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मिरजेला परतण्यापूर्वी यादी पाहून जाईन, असे माईआत्याने सांगितले होते. ओटीवर बसून, शिसपेन्सिलीने, आजोबांच्या पद्धतीने मी मथळा लिहिला. मग 'खुर्चीवर', 'उभी', 'बाकांवर', 'सतरंजीवर', आणि उजवीकडून एकेक नाव. नावे ४१ भरली. मी ती दोनदा मोजली आणि पुठ्ठा आत्याच्या हाती दिला.

तिने चष्मा पुसून सगळी यादी, ओठ हलवीत, अखेरपर्यंत वाचली. मग पुठ्ठा माझ्याकडे परत केला.

"आणि समोर?"

मी पेन्सिल पुन्हा उचलली. छायाचित्रकार मुलाचे आडनाव मला ठाऊक होते, नाव विचारून घ्यावे लागले. सहा नऊवारी नेसवून दमलेल्या आणि चित्र घेताना पडवीच्या खांबाशी आमच्या नातवंडाचा खुळखुळा वाजवीत उभ्या राहिलेल्या गंगापुरीतल्या बाईंचे नाव तर घरात कोणालाच माहीत नव्हते. धाकट्या पुतण्याला सायकलवर पिटाळले. तो येईपर्यंत माईआत्या पिशवी भरून ओटीवर थांबून राहिली.